पाणी गढूळ करणारी सळई

अण्णा, तुमच्या नातीने घरात एक यंत्र आणलं, त्याबद्दल सांगायचं आहे. या घरात त्या विषयावर माझं ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ही नात तुम्ही पाहिलेली नाही, तुम्ही गेल्यावर झाली. नाक तुमचं आहे, बोलणं कुणाचं आहे कोण जाणे. मला ती 'ए बाबा' म्हणते. मी तुम्हाला जन्मभर अहो-जाहो केलं. हिला एकदा सांगून पाहिलं तर तुमची सून म्हणाली, मुलुंडात आता सगळ्याच पोरी बापाला तू म्हणतात, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात. असो. पोरगी बी.कॉम. झाली, बरेच महिने घरी बसली, आणि आता पाणी शुद्ध करायची मशिनं विकणाऱ्या एका कंपनीत लागली आहे. लागली म्हणजे अजून पक्की नाही. ऑर्डरी आणल्या तर पक्की, नाहीतर रामराम. घरात तिची पहिली कमाई येते आहे याचा आनंद मला नव्हता असं नाही. पण पहिल्याच आठवड्यात ती ते यंत्र घेऊन आली आणि माझी झोप गेली.

यंत्र म्हणजे काय, हातात मावेल एवढा प्लास्टिकचा डबा. वरून वायर निघते ती भिंतीच्या प्लगात जाते, खालून सळया लोंबतात, दोन-दोनच्या जोडीने. एक जोडी एका पेल्यात, दुसरी दुसऱ्या पेल्यात. एका पेल्यात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात कंपनीच्या मशीनमधून काढलेलं. तिने हे सगळं ओट्यावर मांडलं आणि आवाज बदलून म्हणाली, "मॅडम, हे पाणी तुम्ही रोज पिता ना? मुलांना पण देता?" तुमची सून मॅडम झाली होती, पदर सारखा करून म्हणाली, "हो ना, पितो बाई." मग बटण दाबलं. थोड्या वेळात नळाच्या पाण्यात आधी हिरवट ढग उठला, मग पिवळा, मग गंजासारखा तपकिरी, वर फेस, खाली चोथा. गटारातून भरून आणावं असं पाणी झालं ते. दुसरा पेला जवळजवळ तसाच्या तसा. "ईऽऽ!" करून तुमच्या सुनेने तोंडावर हात ठेवला. मी तेव्हा बाहेरच्या खोलीत एका गिऱ्हाइकाचा रेक्टिफायर उघडून बसलो होतो. तुम्हाला आठवत असेल, घरच्या उलटसुलट विजेची एका दिशेची वीज करून मुलाम्याच्या टाकीला देणारा तो डबा. आता माझं पोट त्याच्या दुरुस्तीवर चालतं. मी मान वळवून पाहिलं आणि हातातला पान्हा खाली ठेवला.

अण्णा, मी पन्नाशी ओलांडली ती याच पाण्यावर. त्यात एवढा चिखल होता तर बटण दाबायच्या आधी तो कुठे बसला होता? स्वच्छ पाण्यातून चिखल निघतो असं कुणी सांगितलं की मी आधी पाण्याकडे बघत नाही, त्यात काय बुडवलं आहे तिकडे बघतो. ही सवय तुमची. पोरगी फोन घ्यायला आत गेली तेव्हा हत्यारांच्या पेटीतलं लोहचुंबक घेतलं आणि सळयांना लावून पाहिलं. प्रत्येक जोडीतल्या एका सळईला ते खट्कन चिकटलं, दुसरीला नाही. म्हणजे एक लोखंड, दुसरी ॲल्युमिनियम. नळाच्या पाण्यातली लोखंडाची सळई बोटाने चाचपली तर बुडालेल्या भागात खरबरीत, खड्डे पडलेली आणि वरच्या कोरड्या भागापेक्षा स्पष्ट बारीक. नवीन यंत्र नव्हतं ते. बऱ्याच मॅडमांना दाखवून झालेलं होतं.

हे तुम्हाला समजावून सांगायला नको, तरी सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो की तो घड्याळ बघतो. विजेच्या अधिक टोकाला जो धातू जोडाल तो पाण्यात उतरतो. कणाकणाने, डोळ्याला न दिसता. तुम्ही मिस्त्री होतात त्या साकीनाक्याच्या मुलाम्याच्या गाळ्यात अधिक टोकाला निकलची पट्टी असायची, उणे टोकाला गिऱ्हाइकाचा माल, नळाच्या तोट्या, कपाटाच्या मुठी. पट्टी झिजायची आणि तेच निकल पलीकडे जाऊन तोटीवर चकचकीत बसायचं. या पेल्यात मात्र लोखंड पलीकडे पोचतच नाही. वाटेत पाण्याशीच त्याचं जमतं आणि गंज होऊन तरंगत राहतं. म्हणजे तो चिखल पाण्यातला नव्हेच, सळईचा. आणि मशीनचं पाणी स्वच्छ का राहतं? त्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज जात नाही. वीज नाही तर झीज नाही. शुद्ध-अशुद्धचा काही संबंधच नाही. हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. अर्धं तुमच्या टाकीपाशी उभं राहून आणि उरलेलं फुटपाथवरून घेतलेल्या पुस्तकांतून, शेजारी डिक्शनरी ठेवून शिकलो. म्हणून माझ्या शिकण्यात एक खोट राहिली. जे स्वतः तपासलं नाही ते मला खरं वाटत नाही.

तेव्हा प्रश्न सळईचा नव्हता, तो त्याच दिवशी मिटला. प्रश्न असा होता की पोरीला हे माहीत आहे का? माहीत नसेल तर कुणीतरी तिला फसवतो आहे. माहीत असेल तर ती लोकांना फसवते आहे. त्या रविवारी तर आपल्याच सोसायटीत ती हे दाखवणार होती, ज्या बायकांनी तिला कडेवर घेतलं त्यांना. विचारायला तोंड होतं मला. पण विचारलं की माणूस उत्तर तयार करतो, असं मला नेहमी वाटत आलं. हे कुणाकडून आलं तेही मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्या आठवड्यात गाळ्याच्या दरवाजातली ती संध्याकाळ सारखी समोर येत राहिली.

मी नुकताच तुमच्या हाताखाली लागलेलो. झिजून उरलेल्या निकलच्या तुकड्यांचा डबा रिकामा सापडतो आणि गाळाभर कुजबुज सुरू होते. भंगारवाला निकलला तांब्याहून चढा भाव देतो हे सगळ्यांना माहीत आहे. सुटताना प्रत्येकाने जेवणाचा डबा उघडून दाखवायचा ही पद्धत तुम्हीच घातलेली. त्या दिवशी शेठ स्वतः दाराशी उभा आहे. रांगेत माझ्यापुढे चारपाच जण आहेत, तरी तुम्ही त्यांना बाजूला करून मला पुढे बोलावता. गाळ्यात तुम्ही हिंदी बोलायचात, मालवणी फक्त घरात. त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणालात, "डबो उघड." मी म्हटलं, "अण्णा, मी?" तर आवाज चढवून, "माजो झील असलो तरी डबो उघडूक व्हयो!" आणि मी उघडायच्या आत माझ्या हातातून घेऊन तुम्हीच उघडलात. आत अर्धी भाकरी आणि लसणाची चटणी. शेठ हसला. म्हणाला, "देखा? अपने लडके को भी नहीं छोडता." मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "भाकरी का वजन कर लो, मिस्त्री." सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. मी पण नाही.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. आदल्या पाळीच्या कारागिराने ते तुकडे वाया नकोत म्हणून जाळीच्या टोपलीत भरून अधिक टोकाला लटकवून ठेवले होते. टाकी दिवसभर चालू होती. तुकडे विरघळून गेले. निकल मुठींवर बसून गिऱ्हाइकाकडे पोचलं होतं, आणि टोपलीभोवतीच्या कापडी पिशवीत उरला होता फक्त काळा गाळ. "चोर टाकी निकली!" म्हणून गाळाभर हशा झाला आणि विषय संपला.

माझ्यासाठी नाही संपला. अण्णा, आदल्या रात्री डबा घासताना आईने विचारलं होतं, "झाकणाला हे काळं कसलं रे?" बोटांचे ठसे होते. तुमच्या बोटांचे, कारण झाकण तुम्ही उघडलंत. गाळ्यात काळी होणारी वस्तू म्हणाल तर पॉलिशचा साबणही काळाच, पण तो मेणासारखा असतो, पाण्याने सुटत नाही. हे आईने नुसतं पाणी ओतलं तर निघालं. शिवाय पॉलिशला तुम्ही कधी हात लावत नव्हतात. ते काळं त्या पिशवीतल्या गाळाचं होतं. म्हणजे दाराशी येण्याआधी तुम्ही ती पिशवी काढून पिळून पाहिली होती. तुकडे कुठे गेले ते तुम्हाला माहीत होतं. चोर नाही हे माहीत असताना तुम्ही माझा डबा उघडलात. पुढे थोड्याच दिवसांत गाळ्याची किल्ली शेठने तुमच्या हातात दिली. मी काही म्हणत नाही. मी फक्त एकापुढे एक काय घडलं ते सांगतो. आईलाही कधी बोललो नाही. तुम्हाला विचारायचं म्हणून किती वेळा समोर येऊन बसलो, आणि दर वेळी तुम्ही म्हणालात, "काय रे, पैसे व्हये?" मग मी उठून गेलो.

तर शनिवारी दुपारी मी माझा प्रयोग मांडला. दोन्ही पेल्यांत मशीनचंच पाणी घेतलं, म्हणजे कंपनी ज्याला शुद्ध म्हणते ते. एकात चिमूटभर मीठ टाकलं, घरचंच, जे आपण भाजीत घालतो. पोरगी आंघोळ करून केस पुसत आली.

"ए बाबा, काय करतोयस? कंपनीचं आहे ते, मोडशील!"

"मीठ टाकतोय."

"का?"

"बघायचंय."

बटण दाबलं. मिठाचं पाणी बघता बघता तपकिरी झालं, नळाच्या पाण्यापेक्षाही घाण. मी पाण्याकडे बघतच नव्हतो, तिच्या तोंडाकडे बघत होतो. तोंड पडलं तिचं. तिनेही पाण्याकडे पाहिलं नाही. आधी माझ्याकडे पाहिलं, मग गॅसपाशी उभ्या असलेल्या आईकडे.

"लोखंड आहे ते," ती म्हणाली. "सळईचं. मला माहितेय."

"कधीपासून?"

"ट्रेनिंगपासून. एकाने विचारलं तर सर म्हणाले, पाण्यात घाण आहे असं आपण म्हणायचंच नाही. बघा मॅडम, तुमच्या पाण्यात काय होतंय, एवढंच म्हणायचं. पुढचं मॅडम स्वतःच म्हणतात."

"आणि तुला ते पटलं?"

"नाही पटलं. म्हणून तर आईला सांगितलं."

मी तुमच्या सुनेकडे वळलो. ती भाकरी उलटत म्हणाली, "माझ्याकडे डोळे वटारू नका. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिच्या साहेबाला फोन लावला असता."

"लावलाच असता!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

म्हणजे त्या दिवशीची "ईऽऽ" सुद्धा नाटक होतं, अण्णा. माझ्याच घरात, माझ्याच ओट्यावर. मी म्हटलं, "मला मूर्ख समजता तुम्ही दोघी." तर पोरगी एकदम रडवेली झाली, पण रडली नाही, त्यात तुमच्यावर गेली आहे. म्हणाली, "तुला शंका होती ना? मग विचारायचंस. मी सांगितलं असतं. मीठ कशाला टाकत बसलास? माझं तोंड बघायला?" तुझं तोंड बघायला नव्हतं म्हणू? मी प्लग काढला आणि पेले धुऊन टाकले. गंजाचा डाग बेसिनला राहिला तो अजून आहे, लिंबाने जातो, पण कुणी लावत नाही.

रविवारी मी जाणार नव्हतो. पण ती खाली उतरली आणि पाठोपाठ मीही. सोसायटीच्या ऑफिसात खुर्च्या मांडल्या होत्या, दहाबारा बायका, सेक्रेटरी, दोन-तीन रिटायर माणसं. मी मागे दाराशी उभा राहिलो. पोरीने मशीन उघडून दाखवलं, आतले फिल्टर दाखवले, पाणी प्यायला दिलं. ते यंत्र पिशवीतून काढलंच नाही. बोलत मात्र छान होती, अडखळली नाही. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, ते पाणी काळं करून दाखवतात ते कुठाय? समोरच्या बिल्डिंगमध्ये दाखवलं म्हणे. आम्ही काय पाप केलंय?"

सगळे हसले. "हो हो, ते दाखव!" सेक्रेटरी म्हणाला, "त्यासाठीच तर मी क्रिकेट सोडून आलोय."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मान तिरकी करून, शांतपणे. म्हणाली, "ते माझे बाबा दाखवतील. त्यांना त्यातलं जास्त कळतं."

आता तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी गेलो पुढे. अधिक टोक, उणे टोक, लोखंड, क्षार, सगळं सांगितलं. चुंबक खिशात होतंच, तेही लावून दाखवलं. मीठ मागवलं. साकीनाक्याच्या टाकीपर्यंत पोचलो असेन, इतक्यात सेक्रेटरी म्हणाला, "ते सगळं झकास हो. पण थोडक्यात सांगा, आपलं पाणी खराब आहे की नाही?"

"या प्रयोगाचा आणि पाणी खराब असण्याचा संबंधच नाही."

"मग मशीन कशाला घ्यायचं?"

मी पोरीकडे पाहिलं, ती पिशवीत फिल्टर भरत होती. कुणीतरी म्हणालं की गेटसमोर कुणाची तरी गाडी आडवी लावली आहे, आणि निम्मी माणसं ती बघायला गेली. काकू जाताना पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या वेळी बापाला घरी कोंडून ये गं. मी दुसऱ्याकडून घेतलं तर राग मानू नकोस, त्याचं पाणी काळं होतं." एकही ऑर्डर आली नाही. नोकरी अर्थात गेली.

संध्याकाळी ती गॅलरीत फोनवर साहेबाशी बोलत होती. मी आतल्या खोलीत होतो, ऐकू येत होतं, मुद्दाम ऐकत होतो असं समजू नका. म्हणाली, "सर, काय सांगू, माझ्या बाबांनीच वाट लावली सगळी." आणि हसली. दुखावलेल्या माणसाचं हसणं नव्हतं ते. सुटलेल्या माणसाचं होतं. तेव्हापासून मला संशय आहे की तिला ती नोकरी सोडायचीच होती. साहेबाशी खोटं बोलायचं नव्हतं, काकूंनाही फसवायचं नव्हतं आणि नोकरी सोडते म्हणून घरात बोलणीही खायची नव्हती. तर तिने सगळ्यांदेखत मला पुढे केलं. मी काय करीन हे तिला नक्की ठाऊक होतं. मला राग यायला हवा. अण्णा, मला नीटसा येत नाही. तुम्हीही मला सगळ्यांदेखत पुढे केलंत, पण तुम्ही मला चोर ठरवून केलंत. तिने निदान 'त्यांना जास्त कळतं' असं म्हणून केलं. आता तुम्ही म्हणाल, शेठसमोर स्वतःच्या मुलाला सोडलं असतं तर बाकीच्यांना कसं उघडायला लावलं असतं. म्हणा. पण काळ्या बोटांचं काय ते सांगा.

त्याला आता काही आठवडे झाले. पोरगी कुठेतरी मुलाखती देते आहे. मालाडला एक झाली, असं मला तिच्या चपलांवरच्या धुळीवरून नाही, तुमच्या सुनेच्या तोंडून कळलं, तेही अर्धवट. दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतात. मी पाणी प्यायला गेलो की विषय कोथिंबिरीवर येतो. मी ठरवलं आहे की या वेळी तपासायचं नाही, विचारायचं. एकदा विचारलं सुद्धा, "काय गं, कसली कंपनी?" ती म्हणाली, "सांगेन रे बाबा, ठरलं की सांगेन." मी बरं म्हटलं. तुम्ही कधी मला बरं म्हटल्याचं मला आठवत नाही, तेव्हा एवढं तरी माझ्या नावावर धरा.

हे कागद कुठे धाडायचे नाहीत, तुमचा पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. काल दुपारी ती झोपली होती आणि तिची बॅग बाहेरच्या खुर्चीवर होती. फुगलेली, आत फाइल असावी. मी चेन धरली आणि अर्ध्यापर्यंत उघडली. मग परत लावून टाकली. तुमची सून विचारेल तर मी सांगीन की मला माझीच लाज वाटली. तुम्हाला खोटं सांगून काय मिळणार? आत तिच्या पलंगाचा आवाज झाला, म्हणून लावली.